वाढत्या अंगाची सायकल

परीक्षा संपली की नवी मुंबईतल्या बऱ्याच घरांत हा विषय निघतो. मुलाला नाहीतर मुलीला एमटीबी, म्हणजे डोंगरात चालवायची सायकल, हवी असते. वर्गातली चार पोरं रविवारी पहाटे खारघरच्या डोंगरावर सायकली घेऊन जातात, मग मी का नाही? आणि रात्री मुलं झोपली की आपण दोघं हळू आवाजात हिशोब मांडतो. तुमच्या घरी सध्या हे चालू असेल, तर थोडं मनातलं सांगते.

आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी हे झालं. लेक तेरा वर्षांची होती. शाळेचा गणवेश घ्यायचा, बूट घ्यायचे, सगळं वाढत्या अंगाचं घ्यायचं, ही आपली सवय. मग सायकलही तशीच घेतली. मोठी फ्रेम, २९ इंची चाकं. पाच-सहा वर्षं बघायला नको, असं आम्हीच ठरवलं. तिला विचारलं ते फक्त रंगाबद्दल.

खारघरच्या डोंगरावर चाफेवाडी, फणसवाडीकडे रस्ता चढतो. त्याच्या कडेला मुरमाच्या वाटा आहेत, सुट्या खड्यांच्या. अशा एका चढावर तिला दम लागला म्हणून ती थांबली. पाय टेकायला गेली, तर जमीन लागेना. आधी आडव्या नळीवर आदळली आणि मग सायकलीसकट कुशीवर पडली. घरी येऊन काही बोलली नाही. पुढचे चार महिने सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात राहिली आणि मी तिला म्हणाले, "बघ, फिटली ना हौस?" ते वाक्य मला अजून सलतं. तिची हौस फिटली नव्हती. तिला भीती बसली होती, आणि ती भीती आम्ही पैसे मोजून घरात आणली होती.

म्हणून पहिली गोष्ट मापाची. दोन्ही पाय सपाट जमिनीवर टेकून मूल सायकल दोन पायांमध्ये घेऊन उभं राहिलं, की आडव्या नळीच्या वर निदान २ इंच मोकळी जागा हवी. डोंगरात जमीन कधीच सपाट नसते, ती मोकळीक तिथे कामाला येते. मूल वाढलं तर सीट वर घेता येते, त्यात दोन वर्षं सहज निघतात. आडवी नळी मात्र कोणालाच खाली करता येत नाही. चाकं २७.५ इंची की २९, हा प्रश्न त्यानंतरचा.

दुसरा मोह डबल शॉकअपचा. मुलांना तो मोटरसायकलसारखा दिसतो म्हणून हवा असतो. महागड्या सायकलींत मागचा शॉकअप उत्तम काम करतो, ते खरं. पण पंधरा ते पंचवीस हजारांत मिळतो तो म्हणजे बहुधा एक जड स्प्रिंग. चढावर पायाचा बराच जोर ती दाबण्यात जातो, आणि दोन पावसाळ्यांत तिचे सांधे खुळखुळायला लागतात. त्यापेक्षा पुढे शॉकअप आणि मागे साधी, घट्ट फ्रेम, म्हणजे हार्डटेल घ्या. पुढचा शॉकअप ८० ते १०० मिलिमीटर दबणारा असला की पुरे. दुकानात पुढचा ब्रेक धरून हँडल खाली दाबा. ते सावकाश वर आलं तर चांगलं, चेंडूसारखं उसळलं तर नको.

मुलं म्हणतील, शॉकअपशिवाय डोंगरात कोण जातं? त्यांना जरूर सांगा. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही तरुण जुन्या, जाडजूड टायरच्या सायकली दुरुस्त करून डोंगरउतारावर शर्यती लावत होते. शॉकअपचा पत्ताच नव्हता. मागच्या चाकाच्या आतला ब्रेक इतका तापायचा, की त्यातलं ग्रीस जळून जायचं आणि दर वेळी नव्याने भरावं लागायचं. त्यावरूनच शर्यतीचं नाव 'रीपॅक' पडलं. पुढे वीस वर्षांनी, १९९६ला, हा खेळ अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये पोचला.

त्या पोरांनाही शेवटी काळजी होती ती ब्रेकची, आणि आपणही तिथेच जीव गुंतवावा. गिअर २१ आहेत की २४, यावर दुकानदार बराच वेळ बोलेल. तुम्ही मुलाचा हात ब्रेकवर ठेवायला लावा. दोन बोटांनी लिव्हर नीट ओढता येते का? बोटं पुरत नसतील तर लिव्हर स्क्रूने जवळ घेता येते का? उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा की डावा, हे तिथेच घोकून घ्या. तारेचे डिस्क ब्रेक चालतील, पावसाच्या चिखलात ते रिमच्या ब्रेकपेक्षा भरवशाचे. आणि मागच्या गिअरचक्रांना फ्रीव्हील आहे की कॅसेट, हे अवश्य विचारा. फ्रीव्हीलमध्ये बेअरिंग कडेपासून आत राहतं, त्यामुळे दगडांवर आदळून आस वाकतो. कॅसेटसाठी हजार-दोन हजार जास्त पडले तरी द्या.

सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. ते वाचलेले पैसे वरच्या मॉडेलमध्ये घालू नका. हेल्मेट घ्या, आतल्या लेबलवर ईएन १०७८ असं छापलेलं बघून. हातमोजे, पंप आणि एक जादा ट्यूबही त्यातच बसवा.

जुनी सायकल घ्यायलाही लाजू नका. लॉकडाउनमध्ये हौसेने घेतलेल्या कितीतरी सायकली आपल्याच सोसायट्यांमध्ये हवा गेलेल्या टायरवर उभ्या आहेत. हँडलखालच्या जोडावर, जिथे नळ्या एकत्र येतात, तिथे रंगात केसासारखी चीर दिसली तर मात्र फुकट मिळाली तरी आणू नका. आपल्याकडे खाडीची खारी हवा आहे. चेन आणि शॉकअपच्या नळ्या दर आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसायची सवय मुलांनाच लावा.

आणि पावसाळ्यात पांडवकड्याच्या धबधब्याकडे बंदी असते, तेव्हा ती पाळायची, एवढा शब्द सायकल घ्यायच्या आधी मागून घ्या. आमच्या लेकीने तो दिला आणि पाळला. दुसरी सायकल आम्ही जुनीच घेतली, लहान फ्रेमची. पहिल्या रविवारी मी तिच्याबरोबर वरपर्यंत चालत गेले. त्याच चढावर ती पुन्हा थांबली, पाय टेकला आणि मागे वळून माझी वाट बघत उभी राहिली.

आज जेवणं झाली की मुलाला अनवाणी भिंतीला टेकून उभं करा. दोन पायांमध्ये एक पुस्तक वरपर्यंत सरकवा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. तो आकडा घेऊन दुकानात जा. आमच्या लेकीचं असं माप घेतलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं, ती माझ्या खांद्याच्या वर गेली आहे.