पदवीचे गुण कमी, प्रवेश परीक्षेचे गुण चांगले : कायद्याच्या शिक्षणासाठी अर्ज कसा करावा?



पदवीचा निकाल लागतो आणि टक्केवारी मनासारखी नसते. पुढे कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा निकाल येतो, त्यात मात्र गुण उत्तम असतात. अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘एवढ्या कमी मार्कांवर तुला कोण घेणार?’ मित्र म्हणतात, ‘परीक्षेत एवढे मिळाले, आता चिंता कसली?’ ही दोन्ही मते अर्धवट आहेत. पहिल्या मताने धीर खचतो, तर दुसऱ्या मताने विद्यार्थी गाफील राहतो. म्हणून या प्रश्नाचा नीट विचार करणे आवश्यक आहे.

हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहतो तो अमेरिकेत. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले-मुली आज तेथील महाविद्यालयांत शिकत आहेत. येथील काही पदवीधरही तिकडे कायदा शिकण्याचा विचार करतात. यासाठी प्रस्तुत लेखात प्रथम अमेरिकेतील पद्धत समजून घेऊ व शेवटी आपल्याकडील पद्धतीशी तिची तुलना करू.

दोन आकडे

अमेरिकेत बारावीनंतर थेट कायद्याला प्रवेश मिळत नाही. प्रथम कोणत्याही विषयातील चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. त्यानंतर तीन वर्षांचा ज्युरिस डॉक्टर, म्हणजेच जे.डी. हा अभ्यासक्रम असतो. अर्जदाराची पहिली ओळख दोन आकड्यांनी होते. एक आकडा पदवीच्या गुणांचा. त्यास जी.पी.ए. म्हणतात व तो साधारणपणे ४.० पैकी मोजला जातो. दुसरा आकडा एलसॅट या प्रवेश परीक्षेचा. तो १२० ते १८० या मर्यादेत असतो.

ही परीक्षा का निघाली हे जाणून घेण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या सैनिकांना सरकारी मदतीने शिक्षणाची संधी मिळाली आणि लॉ कॉलेजांकडे अर्जांची रीघ लागली. एका कॉलेजातील उत्तम गुण आणि दुसऱ्या कॉलेजातील उत्तम गुण सारखेच मानावेत काय, असा प्रश्न निर्माण झाला. सर्वांना एकच माप लावावे या हेतूने १९४७ साली काही लॉ कॉलेजे एकत्र आली. त्यातून आज ‘लॉ स्कूल ॲडमिशन कौन्सिल’ या नावाने ओळखली जाणारी संस्था उभी राहिली. १९४८ साली पहिली परीक्षा झाली.

या परीक्षेत कायद्याचे ज्ञान विचारले जात नाही. उतारा वाचून त्याचा अर्थ लावणे आणि युक्तिवादातील बळकट व कच्चे दुवे ओळखणे, एवढेच तपासले जाते. ऑगस्ट २०२४ पासून तर्ककोड्यांचा विभाग काढून टाकण्यात आला. आता तर्कविचाराचे दोन व वाचन-आकलनाचा एक असे तीन विभाग गुणांसाठी धरले जातात. चौथा विभाग केवळ प्रश्न तपासून पाहण्यासाठी असतो व त्याचे गुण मिळत नाहीत. प्रत्येक विभागास ३५ मिनिटे असतात. चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये.

जी.पी.ए. हा अनेक वर्षांच्या नियमित श्रमाचा हिशेब आहे, तर एलसॅट हा काही तासांत दिसलेल्या वाचनशक्तीचा व विचारशक्तीचा. कायद्याच्या पहिल्या वर्षी विद्यार्थी कसा चालेल याचा अंदाज एकट्या आकड्यापेक्षा दोन्ही आकडे मिळून अधिक चांगला बांधता येतो. म्हणूनच कॉलेजे दोन्ही पाहतात.

मध्यकाचे गणित

परीक्षेत वर आणि पदवीच्या गुणांत खाली असलेल्या अर्जदारास तिकडे ‘स्प्लिटर’ असे म्हणतात. अशा विद्यार्थ्यास प्रवेश मिळतो तो कोणाच्या दयेने नव्हे. त्यामागे एक साधे गणित आहे, आणि ते शाळेत शिकवलेल्या मध्यकाचे आहे.

अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमानुसार प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ कॉलेजला दरवर्षी आपल्या नव्या वर्गाची माहिती जाहीर करावी लागते. त्यात एलसॅट व जी.पी.ए. यांचा मध्यक, तसेच खालून पाव व वरून पाव हिश्श्यावरील आकडे द्यावे लागतात. सरासरी द्यावी लागत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे.

समजा, एका छोट्या वर्गात सात विद्यार्थी आहेत. त्यांचे जी.पी.ए. असे : ३.९, ३.९, ३.८, ३.८, ३.७, ३.६ आणि ३.५. मधला, म्हणजे चौथा आकडा ३.८ हा मध्यक झाला. आता शेवटच्या विद्यार्थ्याऐवजी २.८ असलेला विद्यार्थी घेतला तर काय होईल? सरासरी ३.७४ वरून ३.६४ वर येईल. मध्यक मात्र ३.८ च राहील. मध्यकाच्या खाली असलेला विद्यार्थी किती खाली आहे, याची मध्यक दखल घेत नाही.

हाच नियम एलसॅटला लावा. कॉलेजचा मध्यक १६५ असेल आणि अर्जदाराचे गुण १७० असतील, तर तो विद्यार्थी एलसॅटच्या वरच्या अर्ध्यात बसतो व तो मध्यक टिकवण्यास मदत करतो. एका बाजूने तो वर्गास बळ देतो आणि दुसऱ्या बाजूने मध्यकाचे नुकसान करीत नाही. याउलट १६४ व ३.७ असा अर्जदार दोन्ही आकड्यांत थोडा थोडा खाली असेल, तर दिसायला अधिक समतोल असूनही त्याचा अर्ज मागे पडू शकतो.

या आकड्यांना एवढे महत्त्व येण्यास क्रमवारीही कारणीभूत आहे. ‘यू.एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट’ १९९० पासून दरवर्षी लॉ कॉलेजांची क्रमवारी प्रसिद्ध करीत आले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये येल व हार्वर्ड येथील लॉ कॉलेजांनी या क्रमवारीस माहिती देण्याचे थांबवले. त्यानंतर क्रमवारीत प्रवेशाच्या आकड्यांचे वजन कमी करण्यात आले. तरीही आकडे जाहीर होतातच, त्यामुळे कॉलेजे मध्यकाकडे डोळेझाक करीत नाहीत.

तथापि या गणिताची मर्यादाही ध्यानात घ्यावी. मध्यकाच्या खाली वर्गाचा अर्धा भागच मावतो. त्या जागांसाठी इतर अनेक अर्जदार उभे असतात. शिवाय जो विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करून वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होण्यास असमर्थ दिसतो, त्यास प्रवेश देऊ नये असे बार असोसिएशनचे मानक आहे. म्हणून समिती गुणपत्रिका उघडून पाहतेच.

गुणपत्रिका काय बोलते?

पहिली पदवी मिळेपर्यंतचे महाविद्यालयातील सर्व गुण एकत्र करून संस्था जी.पी.ए. काढते. पुढे एम.ए. केले आणि त्यात प्रथम श्रेणी मिळवली, तरी ते गुण या आकड्यात मिळवले जात नाहीत. जुना आकडा पुसता येत नाही. परंतु आकड्यामागची कहाणी समितीला वाचता येते. पहिल्या वर्षी गुण चांगले व नंतर घसरण, ही एक कहाणी. पहिली दोन वर्षे कठीण गेली व नंतर चढती कमान, ही दुसरी कहाणी. दोघांचा जी.पी.ए. सारखा असला तरी दुसऱ्याकडे समिती अधिक विश्वासाने पाहते.

भारतीय विद्यापीठाची पदवी असल्यास आणखी एक बाब लक्षात ठेवावी. परदेशी गुणपत्रिकांचे ही संस्था ४.० च्या मापात रूपांतर करीत नाही. ‘श्रेष्ठ’, ‘सरासरीपेक्षा वर’, ‘सरासरी’, ‘सरासरीपेक्षा खाली’ अशा अर्थाचा शब्दांतील शेरा देते. असा अर्जदार कॉलेजच्या जी.पी.ए. मध्यकात मोजलाच जात नाही. साहजिकच त्याच्या एलसॅटकडे अधिक लक्ष जाते. मात्र ज्याने भारतात एल.एल.बी. पूर्ण केले आहे त्याचा नेहमीचा मार्ग एक वर्षाच्या एल.एल.एम.चा असतो व त्यासाठी साधारणतः एलसॅट लागत नाही. तसेच भारतीय नागरिकाने परदेशात कायद्याची पदवी घेतली, तर येथे वकिली करण्यासाठी ती पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेली असावी लागते व कौन्सिलची पात्रता परीक्षाही द्यावी लागते. जाण्यापूर्वीच ही चौकशी करावी.

अर्ज करताना

१. खुलासा थोडक्यात लिहावा. कमी गुणांविषयी वेगळ्या कागदावर खुलासा जोडण्याची सोय असते. त्यात तक्रार किंवा विनवणी नको. ‘प्राध्यापक पक्षपाती होते’ असे लिहिल्याने काही साधत नाही. असे लिहावे : ‘दुसऱ्या वर्षी वडिलांच्या आजारपणामुळे मी आठवड्याला ३० तास रात्रपाळी केली. त्या दोन सत्रांत माझे गुण घसरले. तिसऱ्या वर्षापासून काम कमी केले व पुढील चारही सत्रांत गुण वाढत गेले. नोकरीचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.’ कारण, काळ, सुधारणा आणि पुरावा, एवढे पुरे.

२. खोटे कारण देऊ नये. अभ्यासाकडे दुर्लक्ष झाले असेल तर ते एका वाक्यात मान्य करावे व नंतर काय बदलले ते सांगावे. वकिलीची सनद देताना तेथे उमेदवाराच्या चारित्र्याची चौकशी होते व त्या वेळी लॉ कॉलेजचा अर्जही तपासला जाऊ शकतो. आज लिहिलेले असत्य पुढे सनदेच्या आड येते.

३. निवेदनात गुणांचे रडगाणे गाऊ नये. वैयक्तिक निवेदन हे स्वतःची ओळख करून देण्यासाठी असते. केलेले काम, पाहिलेला अन्याय, घेतलेली जबाबदारी यांविषयी लिहावे. गुणांचा विषय खुलाशापुरताच ठेवावा.

४. शिफारसपत्र ओळखीच्या शिक्षकाकडून घ्यावे. ज्यांनी आपले लेखन वाचले आहे अशा प्राध्यापकाचे पत्र, आपल्याला न ओळखणाऱ्या मोठ्या माणसाच्या पत्रापेक्षा मोलाचे असते. गुण कमी असताना ‘हा विद्यार्थी विचार करू शकतो’ अशी साक्ष फार उपयोगी पडते.

५. नोकरीचा अनुभव जोडावा. पदवीनंतर दोन-तीन वर्षे जबाबदारीने काम केले असल्यास जुने गुण मागे पडतात. नियमितपणाची जी शंका गुणपत्रिका निर्माण करते, तिचे उत्तर नोकरी देते.

६. अर्ज लवकर करावा. साधारणतः सप्टेंबरपासून अर्ज घेतले जातात व जागा जसजशा भरत जातात तसतशी संधी कमी होते. परीक्षा पुन्हा द्यायची असल्यास त्याचेही नियोजन करावे. जाहीर होणाऱ्या आकड्यांत विद्यार्थ्याचे सर्वाधिक गुण धरले जातात. मात्र आयुष्यात ही परीक्षा सातच वेळा देता येते.

७. अनेक ठिकाणी अर्ज करावा. अशा अर्जदाराचा निकाल सांगणे कठीण असते. एखादे नामांकित कॉलेज घेते आणि त्याहून साधे कॉलेज नाकारते. म्हणून प्रत्येक कॉलेजचे जाहीर आकडे पाहून वरची, जवळची व खात्रीची अशी तिन्ही प्रकारची कॉलेजे निवडावीत.

८. पैशाचा हिशेब आधी करावा. तेथील फी फार मोठी असते व कर्जाचे ओझे अनेक वर्षे वाहावे लागते. उत्तम एलसॅट असलेल्यास थोड्या खालच्या कॉलेजात भरीव शिष्यवृत्ती मिळू शकते. पण काही शिष्यवृत्त्या पहिल्या वर्षी ठरावीक गुण मिळवण्याच्या अटीवर असतात. किती विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती अशी कमी झाली वा गेली, हेही कॉलेजला जाहीर करावे लागते. तो तक्ता अवश्य पाहावा. ‘प्रवेश मिळाल्यास येथेच येईन’ असे बंधन स्वीकारून केलेल्या अर्जाने प्रवेशाची शक्यता वाढू शकते, परंतु मग इतर कॉलेजांच्या शिष्यवृत्तीशी तुलना करण्याचा मार्ग बंद होतो.

आपल्याकडील पद्धत

आपल्याकडे पदवीचे अथवा बारावीचे गुण हे दाराच्या उंबरठ्यासारखे आहेत. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार सर्वसाधारण विद्यार्थ्यास ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यास ४० टक्के गुण आवश्यक आहेत. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास बारावीचे व तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास पदवीचे गुण पाहतात. उंबरठा ओलांडला की पुढील रांग महाराष्ट्रातील सीईटीच्या, आणि राष्ट्रीय विधि विद्यापीठांसाठी क्लॅटच्या गुणांवर लागते. अमेरिकेत कमी गुणांची छाया अर्जावर शेवटपर्यंत राहते. येथे ४६ टक्के व ८० टक्के असलेले दोघे विद्यार्थी परीक्षेच्या दिवशी एकाच रेषेवर उभे असतात. आपल्या अनेक मुलांना ही गोष्ट ठाऊक नसते आणि ‘मार्क कमी आहेत’ म्हणून ती अर्जच भरत नाहीत. न भरलेल्या अर्जाला प्रवेश कोठेच मिळत नाही.

गुण कशाचे माप आहेत?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक उत्तीर्ण झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते, म्हणजे ३८ टक्क्यांहूनही कमी. पुढे ते कोलंबिया विद्यापीठात शिकले, लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९३५ साली मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. हे उदाहरण कमी गुणांची ढाल म्हणून वापरू नये. त्या २८२ गुणांनंतर त्यांनी वर्षानुवर्षे जो अभ्यास केला, तोही याच उदाहरणाचा भाग आहे.

तात्पर्य, परीक्षेतील उत्तम गुण दार उघडून देतात. परंतु आत गेल्यावर रोज शेकडो पाने वाचावी लागतात, आणि तेथे उपयोगी पडते ती नियमित बैठक. पदवीच्या वर्षांत ज्याची ती बैठक मोडली असेल त्याने प्रवेशाची वाट न पाहता ती आजपासून बसवावी. रोज दोन तास कठीण मजकूर वाचून त्याचा सारांश लिहिण्याची सवय लावावी. प्रवेश परीक्षेलाही हीच तयारी लागते व पुढील वकिलीलाही हीच. आपल्या वस्तीतील जाणत्यांनीही मुलाची टक्केवारी ऐकून त्याचा निकाल लावून टाकू नये. नियम काय आहे ते आधी पाहावे आणि त्याच्यासोबत बसून अर्ज भरावा.