गाणं मध्येच तुटतं तेव्हा

बाबांना सकाळचं गाणं लागतंच. त्यांच्या सगळ्या सीडी मी फ्लॅक फाइलींमध्ये उतरवून आतल्या खोलीत राउटरशेजारच्या डिस्कवर ठेवल्या आणि हॉलमधल्या त्यांच्या जुन्या अॅम्प्लिफायरला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक जोडून दिला. महिनाभर सगळं छान चाललं. मग एक दिवस भीमसेनजींची तोडी ऐन रंगात असताना आवाज तुटला, आणि रोजच तुटू लागला. बाबा काही बोलले नाहीत, नुसते उठून गॅलरीत गेले. मला ते फार लागलं. त्यानंतरच्या खटपटीत जे हाती लागलं ते असं.

१. वाट मधोमध तोडून बघा. मी थेट नवा राउटर आणायला निघालो होतो. त्याआधी तीच फाइल पेनड्राइव्हवर घालून पायला लावली, तर तोडी शेवटपर्यंत वाजली. म्हणजे फाइल, अॅम्प्लिफायर, स्पीकर सगळं धड होतं. दोष होता तो डिस्क ते पाय या टप्प्यात. दहा मिनिटांत अर्धा शोध संपला.

२. नेटचा प्लॅन वाढवू नका. इंटरनेटवाल्याने मला तोच सल्ला दिला होता. घरातल्या डिस्कवरून घरातल्याच स्टिरिओकडे जाणारं गाणं बाहेरच्या लाइनला शिवतसुद्धा नाही. शिवाय सीडीचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिट, फ्लॅकमध्ये त्याहून कमीच. साधं वायफाय तेवढं सहज पेलतं. गाण्याला वेगापेक्षा सातत्य लागतं.

३. आवाज कधी तुटतो ते लिहून ठेवा. मी आठवडाभर वहीत वेळा टिपल्या. नऊ दहा, नऊ बारा, नऊ अकरा. त्याच वेळी आई बाबांच्या गोळ्यांसाठी मायक्रोवेव्हमध्ये दूध गरम करत होती! मायक्रोवेव्हच्या आणि २.४ गिगाहर्ट्झ वायफायच्या लहरी जवळपास एकाच पट्ट्यातल्या, आणि आमचा ओव्हन नेमका राउटर आणि हॉल यांच्या मधे. पायला ५ गिगाहर्ट्झवर नेलं तर जाड भिंतीपलीकडे सिग्नलच पुरेना. शेवटी भिंतीच्या कडेने वीस मीटर लॅन केबल टाकली. ती शंभर मीटरपर्यंत बिनघोर चालते. आईचं दूध आणि बाबांची तोडी, दोन्ही आता एकाच वेळी सुरू असतात.

४. गाणं लावायच्या फोनवरच्या अॅपमध्ये प्लेअर, म्हणजे पाय, दिसेनासा झाला, तर फोन कोणत्या वायफायवर आहे ते आधी बघा. आमचा पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर गेला होता. तिथून घरातली यंत्रं सहसा दिसत नाहीत. शिवाय राउटरमध्ये पायसाठी एक आयपी पत्ता कायमचा राखून ठेवा, म्हणजे तो बदलत राहणार नाही आणि फोनला पाय सापडत राहील.

५. मोबाइलचा जुना चार्जर पायला लावू नका. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा लागतो. कमी पडला की पाय मधेच अडखळतो किंवा बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि आपण बिचाऱ्या वायफायला दोष देत बसतो.

६. विलंबित आणि द्रुत जोडून वाजू द्या. सीडीवर दोन्हींचे ट्रॅक वेगळे असतात, गायन मात्र सलग असतं. फोनवरचं अॅप एकेक ट्रॅक पाठवत असेल तर पुढची फाइल उघडेपर्यंत क्षणभर शांतता पडते. विलंबित संपतं, तबल्याची लय बदलते, आणि बंदिशीचा पहिला शब्द येणार तिथेच खड्डा! ज्याने ती मैफल शंभरदा ऐकली आहे त्याला हा खड्डा ठेच लागावी तसा लागतो. मी पायवर एमपीडी हे गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर बसवलं आणि अख्खी यादी तिथेच ठेवली. फोन आता नुसतं सुरू-बंद सांगतो. खड्डा गेला.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी असं काही बसवणार असाल, तर लॅन केबल पहिल्याच दिवशी टाकून घ्या.