सर्व्हर घडवताना: दुरुस्तीला येणाऱ्याची आठवण ठेवा

पंखा अडकणार, डिस्क जाणार, पॉवर सप्लाय कधीतरी मान टाकणार. आयबीएमने मेनफ्रेमच्या काळात रूढ केलेल्या 'आरएएस'मधले (रिलायबिलिटी, अव्हेलेबिलिटी, सर्व्हिसेबिलिटी) शेवटचे अक्षर सर्व्हिसेबिलिटीचे, म्हणजे दुरुस्तीच्या सोयीचे, आणि डिझाइनच्या बैठकीतही त्याचा नंबर शेवटीच लागतो. हिशेब मात्र वेगळा आहे. १००० तासांनी बंद पडणारे यंत्र दुरुस्तीला तास घेत असेल, तर उपलब्धता ९९.९ टक्के, म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद. ती ९९.९९ वर न्यायची तर बिघाड दहापटीने कमी करा, नाहीतर दुरुस्ती ६ मिनिटांत बसवा. दुसरे बहुधा स्वस्त पडते.

काय करावे

• पॉवर सप्लाय दोन द्या, पण प्रत्येक एकट्याने सगळा भार पेलेल असा. दोन्ही ७० टक्क्यांवर चालत असतील, तर एक जाताच दुसऱ्यावर १४० टक्के येतात आणि तोही जातो. फीडही दोन हवेत. एकाच बोर्डात खोचलेल्या दोन वायरी म्हणजे दुप्पट किमतीचा एकच पॉवर सप्लाय.

• मेमरी ईसीसीच घ्या. ६४ बिटांमागे ८ जादा बिट. एक उलटला तर जागच्या जागी दुरुस्त, दोन उलटले तर निदान कळते. या दुरुस्त्यांची नोंद ठेवा. एकाच पट्टीवर त्या वाढू लागल्या की ती बदलायची वेळ झाली.

• चालू यंत्रात बदलायच्या भागाला ग्राउंडची पिन सर्वांत लांब ठेवा: आधी लागते, शेवटी सुटते.

• बिघाडाचा दिवा त्या भागावरच लावा. एकदा रेड-५ मधली एक डिस्क गेली होती आणि मी तिच्या शेजारची धडधाकट डिस्क ओढली. दिवा लागला होता, पण दोन खणांच्या बरोब्बर मधोमध. पुढची रात्र बॅकअप उतरवण्यात गेली.

काय टाळावे

• प्रोसेसरवरून येणाऱ्या गरम हवेच्या वाटेत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर नकोत. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते.

• सुटे स्क्रू नकोत. हातातून निसटलेला स्क्रू नेमका मदरबोर्डाखाली जातो. झाकणालाच अडकून राहणारे वापरा.

• उलटा बसणारा कनेक्टर नको. 'असा कोण लावेल?' म्हणू नका. लावतात.

• बॅटरीसाठी कार्ड काढा, कार्डासाठी पंखे काढा, अशी उतरंड रचू नका. फिरणारे भाग आधी बिघडतात, ते हाताशी हवेत.

पहिला नमुना तयार झाला की तो रॅकमध्ये खांद्याच्या वर चढवा. डिझाइनशी संबंध नसलेल्या माणसाच्या हाती टॉर्च द्या, पंखा बदलायला सांगा आणि घड्याळ लावा. ६ मिनिटांच्या वर गेला, तर ड्रॉइंग पुन्हा टेबलावर घ्या.