बाबांबरोबर चालताना पळावे का लागते?

लहानपणी बाबांचे बोट धरून बाजारात जाताना तुम्हाला मध्येमध्ये पळावे लागत असे. बाबा मात्र नुसते झपझप चालत असत. “माझे पाय लहान होते म्हणून,” असे तुम्ही म्हणाल. उत्तर बरोबर आहे. पण मग भराभर पावले टाकून नुसते चालत राहणे का जमत नव्हते?

चालताना एक तरी पाय जमिनीवर टेकलेला असतो. त्या पायावरून आपले शरीर कमानीसारख्या मार्गाने पुढे सरकते. म्हणजे ही वर्तुळाकार गतीच झाली आणि पायाची लांबी ही तिची त्रिज्या! अशा गतीला केंद्राकडे ओढणारे बल लागते. येथे ते गुरुत्वाकर्षण पुरवते. वेग दुप्पट केला तर चौपट बल लागते. गुरुत्वाकर्षण मात्र तेवढेच राहते. ते अपुरे पडले, की चालणे अशक्य होते.

ही मर्यादा केव्हा येते? वेगाचा वर्ग हा गुरुत्वत्वरण (९.८) आणि पायाची लांबी यांच्या गुणाकाराइतका झाला की. गंमत म्हणजे यात वजनाचा संबंधच येत नाही. प्रत्यक्षात वेगाचा वर्ग त्या गुणाकाराच्या सुमारे निम्मा झाला, की माणूस आपोआप पळू लागतो. बाबांचा पाय ०.९ मीटर धरला, तर हा वेग सेकंदाला सुमारे २.१ मीटर येतो. तीन वर्षांच्या मुलाचा पाय ०.४ मीटर धरला, तर १.४ मीटर. बाबा सेकंदाला १.६ मीटर चालले, की मुलाला पळणे भागच आहे!

विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात लहानमोठ्या जहाजांची तुलना याच गुणोत्तराने केली होती. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ मॅक्नील अलेक्झांडर यांनी ते प्राण्यांना लावले. १९७६ साली त्यांनी चक्क डायनोसॉरच्या वेगाचा अंदाज केला! पाऊलखुणेच्या लांबीवरून पायाची उंची आणि खुणांमधील अंतरावरून वेग त्यांनी काढला.

आता तुम्हीही प्रयोग करा. मैदानावर २० मीटर अंतर आखा. दर फेरीला वेग वाढवत चाला आणि पळावेसे वाटू लागेल त्या फेरीचा वेळ नोंदवा. कमरेच्या सांध्यापासून जमिनीपर्यंत पाय मोजून वरील गणित करा. धाकट्या भावंडालाही सोबत घ्या. दोघांचे वेग वेगळे येतील, पण वेगाच्या वर्गाला पायाच्या लांबीने भागून पाहा. उत्तरे जवळजवळ सारखी येतात का?