ब्रूजची माता

बेल्जियम देशात ब्रूज नावाचे एक प्राचीन नगर आहे. संथ कालवे, दगडी पूल आणि उंच मनोरे यांनी ते शोभून दिसते. तेथील माता मेरीच्या चर्चमध्ये शुभ्र संगमरवराची एक मूर्ती आहे. माता मेरी आणि बाल येशू यांची ही मूर्ती इटलीतील थोर शिल्पकार मायकेलँजेलो याने इ. स. १५०४ च्या सुमारास घडविली. त्या वेळी त्याला तिसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

मूर्तीची उंची सुमारे १२८ सेंटिमीटर आहे. आई मुलाला मांडीवर घेऊन कौतुकाने न्याहाळीत आहे, असे दृश्य त्या काळचे कलावंत पुष्कळदा दाखवीत. मायकेलँजेलोने निराळी वाट धरली. त्याचा बाल येशू आईच्या गुडघ्यांमध्ये उभा आहे. तो आता पाऊल उचलील आणि जगात चालू लागेल, असे वाटते. आईची दृष्टी मात्र त्याच्याकडे नाही. ती खाली वळलेली आहे. मुद्रा शांत, पण गंभीर आहे. पुढे येशूला क्रूसावर प्राण द्यावे लागले. ते भवितव्य जणू मातेला आधीच कळले आहे. तरीही ती मुलाला मागे ओढीत नाही. तिने डाव्या हाताने त्याचा हात केवळ हलकेच धरला आहे. मातेची माया आणि मातेचे धैर्य ही दोन्ही त्या एका हातात एकवटली आहेत.

ब्रूजमधील मूस्क्रॉन नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्यांनी ही मूर्ती विकत घेतली, आणि ती इटलीहून या दूरच्या नगरात आली. १५२१ मध्ये जर्मन चित्रकार ड्यूरर याने ती पाहिली व आपल्या दैनंदिनीत तिची नोंद केली.

परंतु मूर्तीच्या नशिबी अखंड स्वस्थता नव्हती. १७९४ मध्ये फ्रेंचांनी ती पॅरिसला नेली. १८१५ साली नेपोलियनचा पराभव झाल्यावर ती परत आली. दुसऱ्या महायुद्धात तिच्यावर पुन्हा तसाच प्रसंग ओढवला. सप्टेंबर १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैनिकांनी मूर्ती गाद्यांत गुंडाळली आणि रेडक्रॉसची खूण असलेल्या मालमोटारीतून पळविली. ऑस्ट्रियातील आल्टाउसे येथील मिठाच्या खाणीत तिला ठेवण्यात आले. युरोपभरातून लुटून आणलेली हजारो चित्रे व शिल्पे तेथे साठविलेली होती.

१९४५ च्या एप्रिलमध्ये तेथील नाझी प्रांताधिकाऱ्याने खाणीत आठ मोठ्या पेट्या पाठविल्या. पेट्यांवर ‘संगमरवर’ असे लिहिले होते. आत होते प्रचंड बाँब! शत्रूच्या हाती काही लागू नये, म्हणून सारा संग्रह नष्ट करण्याचा त्याचा बेत होता. हे कळताच खाणकामगार अस्वस्थ झाले. खाण हीच त्यांची भाकरी होती, आणि तिच्या पोटात जगाचे धन होते. मे महिन्याच्या आरंभी त्यांनी जिवावर उदार होऊन त्या पेट्या बाहेर काढल्या. मग बेताचे सुरुंग लावून त्यांनी खाणीची तोंडे बुजवून टाकली. आतला संग्रह सुरक्षित राहिला. लवकरच अमेरिकन सैन्य तेथे पोहोचले आणि ब्रूजची माता आपल्या घरी परतली.

आजही ती त्याच चर्चमध्ये आहे. एका कलावंताच्या हाताने पाषाणाला रूप दिले. कष्टकऱ्यांच्या हातांनी ते रूप जगासाठी राखले.

स्वाध्याय

१. इतर कलावंतांच्या मूर्तींहून ही मूर्ती कोणत्या बाबतीत निराळी आहे?
२. खाणकामगारांनी संग्रह कसा वाचविला?
३. ‘जिवावर उदार होणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.
४. आपल्या गावातील एखाद्या जुन्या मूर्तीचे दहा ओळींत वर्णन करा.