फोटोचा नियम कधी पाळायचा आणि कधी मोडायचा?

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण मोबाईलवर प्रॉडक्टचे फोटो काढताना कॉम्पोझिशन, म्हणजे फ्रेममधली मांडणी, कशी करायची ते पाहिलं. व्हिडिओत एक गोष्ट घाईत राहून गेली, ती इथे सविस्तर सांगतो. सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

दिवाळीच्या तोंडावर आमच्या बॅचमधल्या एका ताईंनी चकलीच्या पाकिटाचा फोटो दाखवला. पाकीट अगदी मधोमध होतं. मी म्हणालो, "ताई, पाकीट जरा बाजूला घ्या, रूल ऑफ थर्ड्स वापरा." त्यांनी ऐकलं. एका बाजूला पाकीट, दुसऱ्या बाजूला पेटलेली पणती, मागे रांगोळी. फोटो देखणा आला. सोसायटीच्या ग्रुपवर टाकल्यावर भरपूर अंगठे मिळाले. ऑर्डर मात्र दोन-चारच. वर एका शेजारणीने विचारलं, "पणत्या कितीला दिल्या हो?"

इकडे भाजणी दळून आलेली, तेलाचे डबे घरात पडलेले. त्यांचं भांडवल अडकलं होतं, आणि सल्ला माझा होता.

नियम नेमका काय आहे?

फ्रेमवर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा समान अंतरावर मारा. नऊ चौकोन होतात. मुख्य वस्तू या रेषांवर किंवा त्या जिथे एकमेकींना छेदतात त्या चार बिंदूंजवळ ठेवायची. तुमच्या फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'ग्रिड' चालू केलं की या रेषा दिसतात.

'रूल ऑफ थर्ड्स' हे नाव जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने 1797 साली ग्रामीण निसर्गदृश्यांवरच्या एका पुस्तकात वापरलं. म्हणजे हा नियम मुळात निसर्गचित्रांसाठी सांगितलेला आहे, चकली विकण्यासाठी नाही! तो चुकीचा नाही. पण नियम वापरताना आपल्याला काय साधायचंय, हे आधी ठरवावं लागतं.

नियम कधी पाळायचा?

फोटोत गोष्ट सांगायची असेल तेव्हा. मातीचं भांडं घडवणारे हात, जात्यावर दळण, शेतातली हळद. अशा वेळी वस्तू बाजूला ठेवली की नजर फ्रेममध्ये फिरते. माणूस डावीकडे असेल तर त्याची नजर उजवीकडच्या मोकळ्या जागेकडे असू द्या. त्याच मोकळ्या जागेत ऑफर किंवा भाव लिहिता येतो. इन्स्टाग्राम पोस्ट आणि बॅनरसाठी हे उत्तम.

नियम कधी मोडायचा?

*1. वस्तूच 'दर्शन' देणार असेल तेव्हा.* राजा रविवर्मांची लक्ष्मी आठवा. मधोमध, कमळावर उभी, समोर बघणारी. तिच्या छापील प्रती घराघरांत पोहोचल्या आणि देव्हाऱ्यात पूजल्या गेल्या. तिला तिसऱ्या भागाच्या रेषेवर नेऊन कसं चालेल? गोल थाळी, मिठाईचा बॉक्स, समईची जोडी अशा सममित वस्तू मधोमधच शोभतात.

*2. पोत दाखवायचा असेल तेव्हा.* पैठणीचा पदर, अनारशाची जाळी, कोल्हापुरी चपलेची वेणी. इथे मोकळी जागा नकोच. पूर्ण फ्रेम वस्तूने भरा, कडा कापल्या गेल्या तरी चालेल.

*3. फोटो छोटा दिसणार असेल तेव्हा.* व्हॉट्सॲपचा डीपी गोल कापला जातो, कोपरे जातात. तिथे लोगो मधेच हवा.

एक सावधगिरी. ॲमेझॉनवर माल टाकणार असाल तर मुख्य फोटोला पांढरीशुभ्र पार्श्वभूमी लागते आणि वस्तूने फ्रेमचा 85 टक्के भाग व्यापावा लागतो. हा नियम त्यांचा आहे. तो मोडलात तर तुमचं लिस्टिंगच अडकू शकतं.

मग ठरवायचं कसं?

फोटो काढण्याआधी एकच प्रश्न कागदावर लिहा: हा फोटो बघून गिऱ्हाईकाच्या कोणत्या शंकेचं उत्तर मिळायला हवं? "खुसखुशीत आहे का?" "आकार केवढा?" "कापड कसं आहे?" ज्या मांडणीत उत्तर आधी दिसतं, ती मांडणी बरोबर.

ताईंकडे परत येऊ. चकली घेणारीला काय बघायचं असतं? आत नळी पडलीये का! म्हणून आम्ही एक चकली मोडली आणि आतली नळी दिसेल इतक्या जवळून, खिडकीच्या उजेडात, फ्रेम भरून फोटो घेतला. दुसरा फोटो पाकिटाचा, मधोमध, वजन आणि भाव वाचता येईल असा. पणती काढून टाकली. दोन्ही फोटो त्याच ग्रुपवर गेले. दिवाळीआधी भाजणी संपली.

म्हणजे ताईंचा पहिला फोटो मी समजलो तितका चुकीचा नव्हता. तो मधोमध का आहे, हे मी त्यांना विचारलंच नव्हतं.

या आठवड्याचा गृहपाठ

- ग्रिड चालू करून एकाच वस्तूचे तीन फोटो काढा: रेषेवर ठेवून, मधोमध ठेवून आणि फ्रेम भरून.
- तिन्ही फोटो तुमचा धंदा माहीत नसलेल्या माणसाला दाखवा. "कसा वाटला?" असं विचारू नका. "यात काय विकायला ठेवलंय?" असं विचारा.
- ज्या फोटोला लगेच बरोबर उत्तर मिळेल, तो कॅटलॉगमध्ये टाका.

नियम आधी हाताला बसू द्या, मग बिनधास्त मोडा. फक्त का मोडला, ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. भेटूया पुढच्या व्हिडिओत!