अंथरुणाला खिळलेल्यांचा भार कुणी उचलायचा?



पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी घरोघर जातो, तेव्हा पुष्कळ घरांत एकच चित्र दिसते. आई खाटेवर आणि तिच्यासाठी नोकरी सोडलेली मुलगी किंवा सून उशाशी. औषधांपेक्षा दिवसरात्र माणूस ठेवण्याचा खर्चच अशी घरे पोखरतो.

‘मुलांनी करावे’ हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली. पण जिथे मुलेच थकली आहेत, तिथे कायदा काय करणार?

सरकारी मदत कुठवर पोहोचते? ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या सर्वांना आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरी आणल्यावर कूस बदलणे, भरवणे, अंग पुसणे यांसाठी त्यात पैसा नाही. गरीब वृद्धांच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत महिना २०० रुपये आणि ८० नंतर ५०० रुपये एवढाच आहे.

दुसरी वाट नाही असे नाही. जर्मनीने १९९५ साली शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू केला. कामगार व मालक दोघेही वर्गणी भरतात. घरी सांभाळ होत असेल तर रोख भत्ताही मिळतो. त्यातून सगळा खर्च निघत नाही, पण घर एकटे पडत नाही. आपल्या देशात केरळने २००८ साली धोरण आखले. तिथे पंचायतींच्या खर्चाने परिचारिका अशा रुग्णांच्या घरी जातात.

इथे दया आणि न्याय यांतला फरक ध्यानात घ्यावा. दया आपल्या पदरचे देते. न्याय ज्याचे त्याला देतो. आपली संत विन्सेंट डी पॉल सोसायटी दयेचे काम करते, ते चालूच राहावे. पण आयुष्यभर राबून कर भरलेल्या माणसाने म्हातारपणी शेजाऱ्यांच्या दयेवर जगावे, हा न्याय नव्हे. चौथी आज्ञा घराला आहे, तशी समाजालाही आहे.

म्हणून आपण आमदार-खासदारांकडे दोन मागण्या कराव्यात: घरी सांभाळ करणाऱ्यास भत्ता आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून घरपोच परिचारिका.

समूहात चर्चेसाठी:
१) आपल्या आळीत अंथरुणावर कोण आहेत? त्यांना कोण सांभाळते?
२) सांभाळणाऱ्या व्यक्तीला आठवड्यातून एक दुपार मोकळी कशी देता येईल?
३) मागणीचे पत्र कोण लिहील?